उभ्या गाड्यांचे गाव

रत्नागिरीला 'ठेवून देण्या'ची परंपरा फार जुनी आहे. १८८५ साली इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या थिबा राजाला गादीवरून खाली ओढले आणि आता याला ठेवावा कुठे, या विवंचनेत त्यांचे बोट नकाशावर हिंडत हिंडत रत्नागिरीवर येऊन थांबले. १८८६ साली राजा इथे आला आणि १९१६ साली इथेच वारला. त्याच्यासाठी बांधलेला वाडा १९१० साली पुरा झाला. म्हणजे तीस वर्षांच्या मुक्कामातली अखेरची सहा वर्षेच काय ती बिचाऱ्याला त्या वाड्यात मिळाली. पुढे १९२४ ते १९३७ अशी तेरा वर्षे सरकारने सावरकरांना याच जिल्ह्यात स्थानबद्ध करून ठेवले. ते स्वस्थ बसणारे नव्हते, १९३१ साली इथे पतितपावन मंदिर उभे राहिले आणि ठेवणाऱ्यांचा बेत साफ फसला, ही गोष्ट निराळी.

हल्ली सरकार रत्नागिरीत कोणाला आणून ठेवीत नाही. ते काम आता आपणच करतो. आपण म्हणजे मुंबई, ठाणे, पुणे येथे नोकरी करणारे आणि बोलता बोलता 'आमचं गावाकडचं घर' म्हणणारे लोक. या घरात आपण काय काय ठेवतो! आजोबांची आरामखुर्ची, तीन पिढ्यांचा पाळणा, पितळेचा बंब, लग्नातल्या परातींची चवड आणि पडवीच्या कोपऱ्यात जुन्या चादरीखाली झाकलेली एक मोटरसायकल. मे महिन्यात चादर काढायची, आठ-दहा दिवस गाडी उडवायची, आगोट आली की पुन्हा चादर टाकायची, घराला कुलूप लावायचे आणि किल्ली शेजाऱ्यांकडे द्यायची. मग गणपतीला पुन्हा किल्ली, पुन्हा चादर आणि पुन्हा किक.

यंदा गणपतीच्या आधी आठवडाभर मी रत्नागिरीत येऊन राहिलो होतो. पाऊस होता, पण धरून नव्हता. थिबा पॉइंटवर उभे राहिले की खाली भाट्याची खाडी, काजळी नदीचे गढूळ पाणी, त्यापलीकडे सुरूच्या झाडांची रांग आणि मग समुद्र, असा सगळा पट दिसतो. ते पाहून मी परतीला आडवाटेने निघालो. आळीतली निम्मी घरे बंद. मधल्या गड्यांवर शेवाळ, कौलांवर हिरवट पोपडे, अंगणात गुडघाभर तेरडा. आणि एका मागोमाग एक दोन-तीन घरांतून तोच आवाज येत होता. खर्र... खर्र... खर्र... दम खाल्ल्याची शांतता, आणि पुन्हा खर्र. मुंबईकर मंडळी येऊन दाखल झाली होती आणि आपापल्या ठेवून दिलेल्या गाड्यांना किका मारीत होती.

एका कुंपणापलीकडे चाळिशीचे एक गृहस्थ बर्म्युडा चड्डीत घामाघूम होऊन बजाजच्या जुन्या स्कूटरला झोंबत होते. त्यांनी स्कूटर एका अंगावर पार तिरकी केली, क्षणभर धरून ठेवली, सरळ केली आणि किक मारली. हे दृश्य पाहून मला गहिवरून आले. एके काळी महाराष्ट्रातल्या दर कॉलनीत सकाळी साडेनऊला हा विधी चाले. मुलांना वाटे की स्कूटरला पोटदुखी आहे. वस्तुतः त्यामागे समजूत अशी, की रात्रभरात किंवा चार दिवसांत कार्बुरेटरच्या वाटीतले पेट्रोल उडून गेलेले असते, गाडी तिरकी केली की टाकीतले नवे पेट्रोल लवकर खाली उतरते. रात्रभराच्या विश्रांतीला हा उतारा पुरतो. चार महिन्यांच्या कुलपाला पुरत नाही.

मी मराठी शिकवतो. गाड्यांच्या बाबतीत माझा अधिकार 'वंगण' हा शब्द शुद्ध लिहिण्यापुरता. पण ज्यांच्याकडे मी उतरलो होतो त्या मित्राच्या घराला लागूनच एका मिस्त्रींचे गॅरेज आहे, आणि गणपतीच्या आधीच्या आठवड्यात त्या गॅरेजात जी गर्दी उसळते ती पाहिल्यावर मला त्यातले शास्त्र समजून घेतल्याशिवाय राहवेना. मिस्त्री साठीच्या पुढचे. चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली. समोर आठ गाड्या उभ्या: तीन स्कूटरी, दोन राजदूत, दोन यामाहा आणि एक येझदी. "सर, यातली एकही गाडी चालवून बिघडलेली नाही," ते म्हणाले. "सगळ्या ठेवून बिघडल्यात."

या म्हणण्यातली खोच कळायला टू-स्ट्रोक इंजिनाची घडण थोडी ध्यानात घ्यावी लागते. आजकालच्या बहुतेक मोटरसायकली फोर-स्ट्रोक असतात. त्यांच्या इंजिनाच्या तळाशी तेलाचे डबके असते. गाडी उभी असो की चालती, तेल तिथेच. चालू झाली की तेच तेल पुन्हा पुन्हा फिरते. टू-स्ट्रोकचा संसार वेगळा. पिस्टनच्या खालच्या पेटीतच हवा आणि पेट्रोलची वाफ दाबायची आणि वर ढकलायची, ही युक्ती जोसेफ डे नावाच्या इंग्रज एंजिनिअराने १८९० च्या सुमारास काढली. त्यामुळे इंजिनातले भाग कमी झाले, किंमत उतरली, दुरुस्ती सोपी झाली. पण खालच्या पेटीतून पेट्रोलच जाऊ लागल्यावर तिथे तेलाचे डबके ठेवणार कुठे? म्हणून तेल पेट्रोलातच मिसळायचे. जुन्या गाड्यांना लिटरमागे चाळीस मिलिलिटर, नंतरच्या पुष्कळांना वीस. पेट्रोलबरोबर तेलाचे तुषार आत शिरतात, जाता जाता क्रँकच्या बेअरिंगांना, पिस्टनला, रिंगांना बोटभर चाटवतात, वर जाऊन जळतात आणि निळसर धूर होऊन मागून निघून जातात. समईतले तेल जसे जळण्यासाठीच घालावे तसा हा प्रकार.

आता यातली मेख पाहा. टू-स्ट्रोकला तेल मिळते ते चालत असतानाच. थांबली की शिधा बंद. हातावर पोट असलेल्या माणसासारखे तिचे आहे. आज कमावले ते आज खाल्ले, घरात साठा नाही. शेवटच्या फेरीचा जो पातळ लेप आत राहिला असेल तो हळूहळू ओघळतो. त्यातच सिलिंडरच्या भिंतीला जी भोके असतात त्यांतले एखादे, पिस्टन जिथे थांबला असेल त्याप्रमाणे, उघडे राहते, आणि सायलेन्सरच्या नळीतून बाहेरची हवा थेट आत येत-जात असते.

ही हवा पुण्याची असती तर एक वेळ चालले असते. रत्नागिरीत वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर एवढ्या काळात. जांभ्याच्या भिंती पाणी पितात. बंद घरात चामड्याच्या पट्ट्यावर, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर, देवाच्या तसबिरीच्या मागे बुरशीचा मखमली थर चढतो. वर खारा वारा. अशा हवेत उघडे लोखंड चार महिने कोरडे ठेवले तर त्याचे काय होईल हे सांगायला एंजिनिअर लागत नाही. आपल्या घरोघरच्या बायकांना हे शास्त्र पाठ आहे. लोणच्याच्या बरणीत फोडींच्या वर चार बोटे तेल राहिले पाहिजे. तेल खाली गेले आणि फोड उघडी पडली की संपले. पिस्टन म्हणजे फोडच समजा.

गंमत अशी की जिथे तेल हवे तिथून ते जाते, आणि जिथे नको तिथे जाऊन बसते. मिस्त्रींच्या गॅरेजातले निम्मे दुखणे हेच होते. क्रँकच्या पेटीला दोन्ही अंगांनी रबरी सील असते. एका बाजूला क्लच आणि गिअरचे तेल, दुसऱ्या बाजूला मॅग्नेट. गाडी रोज फिरत असली की सीलाच्या ओठाला तेल लागत राहते आणि ते मऊ राहते. महिनोन् महिने उभी राहिली की ओठ सुकतो, ताठरतो, चिरतो. मग गिअरचे तेल थेंब थेंब क्रँकच्या पेटीत पाझरते. वरून काहीच दिसत नाही. जमिनीवर डाग नाही, काही नाही. घरातल्या घरात चोरी. ज्या गाड्यांना तेलाची वेगळी टाकी आणि पंप असतो त्यांच्यात पंपाच्या झडपेतून तेच होते. सबंध टाकी हळूहळू इंजिनाच्या पोटात रिकामी होते आणि मालक समजतो की तेल कोणी काढून नेले.

अशा गाडीला चाकरमानी येऊन दणादण किका मारतो. थोडे तेल साचले असेल तर ते जळून जाईपर्यंत आळीभर पांढरा धूर होतो, एवढ्यावर निभावते. फार साचले असेल तर मात्र पिस्टन खाली येताना त्या तेलावर आपटतो. हवा दाबली जाते. तेल दाबले जात नाही. किक मध्येच अडते. इथे शहाण्याने थांबावे. पण "च्यायला, अडली काय!" म्हणून जो अंगाचे वजन टाकून उडी मारतो तो कनेक्टिंग रॉडचा घात करून बसतो. मिस्त्री म्हणाले, "चार पावसाळ्यांनी जेवढं नुकसान होत नाही तेवढं पहिल्या पाच मिनिटांत होतं, सर. उत्साहानं."

दुसऱ्या बाजूचे, म्हणजे मॅग्नेटच्या अंगाचे सील गेले तर धूरही होत नाही. तिथून नुसती हवा ओढली जाते, पेट्रोल आणि त्याबरोबर तेल कमी पडते, गाडी सुरुवातीला उलट हलकी आणि चपळ वाटते, आणि हातखंब्याच्या चढावर तापून पिस्टन धरते. धूर काढणाऱ्या गाडीला लोक शिव्या देतात. खरी भीती न काढणारीची.

पेट्रोलाविषयीही एक लोकभ्रम तिथेच दूर झाला. माझी समजूत अशी की मिसळलेले तेल टाकीत खाली बसत असावे, दुधाखाली साखर बसावी तसे. आजचे टू-टी तेल एकदा नीट मिसळले की सहसा वेगळे होत नाही. उडून जाते ते पेट्रोल. कार्बुरेटरच्या वाटीत पन्नास थेंब पेट्रोल आणि एक थेंब तेल ठेवून तुम्ही कुलूप लावलेत. परत आलात तेव्हा पेट्रोल गेलेले, तेल आणि चिकट राळ तेवढी उरलेली. सुईच्या अग्राएवढे जेटचे भोक त्याने गच्च बुजते. पूर्वीच्या काळी शर्यतीच्या गाड्यांत एरंडेल घालीत (कॅस्ट्रॉल या नावातला 'कॅस्टर' म्हणजे आपला एरंडच), ते मात्र थंडीत खरोखर वेगळे होई आणि असा डिंक धरी की सुटता सुटत नसे. लहानपणी रविवारी सकाळी ज्यांना एरंडेल पाजले गेले त्यांना इंजिनाबद्दल सहानुभूती वाटेल.

त्यात आता इथेनॉलची भर पडली आहे. २०२५ पर्यंत देशभरच्या पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाऊ लागले. देशाच्या दृष्टीने त्याचे गुणदोष काय ते जाणत्यांनी सांगावे. पण इथेनॉल पाणी ओढून घेते, हा त्याचा स्वभावच. कोकणातल्या पावसाळ्यात अर्ध्या रिकाम्या टाकीत ओल साठत गेली आणि ती प्रमाणाबाहेर झाली, की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली उतरते आणि तेल वरच्या पेट्रोलातच राहते. टाकीचा कॉक तळातून ओढतो. म्हणजे इंजिनाला पहिला घास मिळतो तो बिनतेलाचा! ऊस पिकतो कोल्हापुराकडे, आणि त्याचा हिशेब चुकता होतो रत्नागिरीच्या पडवीत. मिस्त्री म्हणूनच ठेवलेल्या गाडीतले जुने पेट्रोल पाहतही नाहीत. सरळ बादलीत ओततात, आणि त्याने साखळ्या धुतात.

आता त्या येझदीविषयी. ती सत्तरच्या दशकातली होती. चेकोस्लोव्हाकियातल्या जावा मोटरसायकली म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून बनू लागल्या, पुढे त्यांचेच नाव येझदी झाले, आणि १९९६ साली तो कारखाना बंद पडला. सिलिंडर एकच, पण सायलेन्सर दोन. आणि किक व गिअर यांना मिळून एकच दांडा. तोच आत दाबून वर फिरवला की किक होते. नवख्या माणसाला हे कधी जमत नाही. येझदीचे मालक वाशीहून आलेले एक निवृत्तीला टेकलेले गृहस्थ. गाडी त्यांच्या वडिलांची. वडील जाऊन चार वर्षे झाली, आई वाशीला मुलाकडे राहायला गेली आणि तेव्हापासून घराला कुलूप. गाडी चार पावसाळे तशीच. घर विकावे की ठेवावे यावर भावाभावांत बोलणी चालू होती. गाडीला भंगारवाल्याने देऊ केलेला आकडाही त्यांच्या खिशात होता.

"मिस्त्री, चालू होत असेल तर बघा. नसेल तर उगाच खर्च नको," ते म्हणाले.

"किती किका मारल्यात, दादा?"

"एकही नाही. आईनं ताकीद दिली होती. म्हणाली, मिस्त्रींना विचारल्याशिवाय हात लावू नकोस."

मिस्त्रींनी त्या माउलीला वाशीच्या दिशेने नमस्कार केला.

गाडी अर्थातच अडकलेली होती. पिस्टन जागचा हलेना. मिस्त्रींनी प्लग काढला, भोकातून डिझेल आणि टू-टी तेल मिसळून वाटीभर ओतले, वर चिंधीचा बोळा बसवला आणि गाडी भिंतीला टेकवून ठेवली. "आता दोन रात्री हिला झोपू द्या." ते गृहस्थ अस्वस्थ. चतुर्थीला तीन दिवस उरलेले. मधल्या काळात मिस्त्रींनी इतर सात गाड्या वाटेला लावल्या. कुणाचा जेट फुंकला, कुणाच्या टाकीतली साय काढली, आणि त्या तिरक्या स्कूटरवाल्यांना दहा रुपयांत नवा प्लग साफ करून देऊन वर चहा पाजला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी येझदी वरच्या गिअरमध्ये टाकली आणि मागचे चाक धरून गाडी पुढे-मागे डोलवू लागले. अगदी पाळणा हलवावा तसे. वीस मिनिटे झाली. मग आतून 'टक्' असा बारीकसा आवाज आला आणि चाक बोटभर जास्त फिरले. बघणाऱ्या आम्हा चौघा रिकामटेकड्यांच्या तोंडून एकदम "हां!" निघाले.

प्लग काढलेल्या भोकावर फडके धरून हळूहळू किक फिरवली तेव्हा त्या फडक्यात जे आले त्याला तेल म्हणवत नव्हते. काळे, जाड, उग्र वासाचे. ते गिअरचे तेल. गिअरबॉक्स उघडून पाहिला तर पातळी निम्म्यावर आणि उरलेले तेल कॉफीसारखे दुधाळ. म्हणजे आत पाणी. क्लच खोलून सील पाहिले तर ओठावर चिरा. ही सीले रत्नागिरीत मिळाली नाहीत. कोल्हापुराहून एसटीच्या पार्सलने मागवली. ती येईपर्यंत मिस्त्रींनी हेड आणि ब्लॉक उतरवून आत पाहिले. सायलेन्सरकडच्या भोकाभोवती, जिथून चार वर्षे हवा शिरत होती तिथे, गंजाचा एक पट्टा. बाकी भिंत, मोठे आश्चर्य, लख्ख. "अण्णांनी शेवटचं चालवलं तेव्हा तेल सढळ घातलं होतं," मिस्त्री म्हणाले. "ते नेहमीच घालायचे. मी म्हणायचो, धूर फार होतो. ते म्हणायचे, होऊ दे."

गंजाचा पट्टा घासून काढला. पुढेमागे बोअर करावे लागेलच, पण एवढ्यात नाही. सीले बसवली, नवे तेल, नवे पेट्रोल. चतुर्थीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी चौथ्या किकेला येझदी बोलली.

बोलली म्हणजे काय, आळीत ढग उतरला! दोन्ही नळ्यांत साचलेले चार वर्षांचे तेल तापून पांढऱ्या धुराचे लोट निघाले. समोरच्या वहिनींनी धडाधड खिडक्या लावून घेतल्या आणि मखराला धूर लागेल म्हणून आतून त्यांचा निषेधही ऐकू आला. मिस्त्री शांत. "हा जुना धूर आहे. दहा मिनिटांत निवळला तर सील ठीक. नाही निवळला तर माझी मजुरी परत." आम्ही घड्याळे लावून उभे. आठव्या मिनिटाला धूर विरळ झाला आणि त्यातून पलीकडचा फणस दिसू लागला.

त्या गृहस्थांनी वाशीला फोन लावला आणि तो सायलेन्सरजवळ धरला. मिनिटभराने कानाला लावून ते म्हणाले, "ऐकलंस ना?" पलीकडून बराच वेळ काही आले नसावे. मग त्यांचा चेहरा गोंधळलेला झाला. "आई म्हणते, ही अशी वाजत नसे. दबकी वाजतेय म्हणते. भाट्याच्या पुलावर आली की घरात कळायचं म्हणते."

भाट्याच्या पुलावर आलेली गाडी त्या घरात ऐकू येत असेल, यावर माझा विश्वास बसला नाही. मिस्त्रींनी मात्र वाद घातला नाही. उजव्या नळीमागे हात धरला, मग डाव्या नळीमागे धरला, आणि गाडी बंद केली. डावी नळी निम्मी मुकी होती. आतली जाळी उपसून काढली तर ती तेलाने आणि काजळीने अशी बुजलेली की जुन्या चुलीवरचे धुराडे बरे. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात ती रात्रभर बुडवून ठेवावी लागली. "बघा," मिस्त्री हात पुशीत म्हणाले, "पन्नास वर्षं मी गाड्या करतो. आणि पकडलं कोणी? वाशीला बसून!"

चतुर्थीला सकाळी ते गृहस्थ त्याच गाडीवरून गणपतीची मूर्ती आणायला निघाले नाहीत. मूर्ती रिक्षातून आणली. मिस्त्रींनी तशी ताकीदच दिली होती. सील नवे, बेअरिंगे जुनी, दोन दिवस सावकाश चालवा, तेल लिटरला दहा मिलिलिटर जास्तच घाला, आणि उतारावर थ्रॉटल पार मिटून घरंगळू नका, कारण थ्रॉटल मिटली की पेट्रोल बंद आणि पेट्रोल बंद की तेल बंद. रत्नागिरीत ही सूचना विशेष महत्त्वाची. मारुती मंदिरापासून खाली मांडवीच्या अंगाला जायचे म्हणजे हे गाव एक लांबलचक उतारच आहे.

गौरी आल्या, गेल्या. मधल्या एका दुपारी मी मिरकरवाड्याला जाऊन आलो. १ जून ते ३१ जुलै या दोन महिन्यांची मासेमारीची बंदी उठून बोटी केव्हाच दर्यावर गेल्या होत्या. किनाऱ्यावर उरली होती ती एक-दोन जुनी लाकडी होडकी. झावळ्यांनी शाकारलेली, ओंडक्यांवर जमिनीपासून उचलून ठेवलेली, अंगाला काजूच्या टरफलांचे काळे तेल चोपडलेली. होडी पाण्यात घालण्याइतकीच ती पाण्याबाहेर ठेवणेही हे लोक मनापासून करतात. ज्या गावाला लाकूड कसे ठेवावे हे पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे, त्याच गावात लोखंडावर नुसती चादर टाकून आपण निघून जातो याची मला थोडी लाज वाटली. चादर तर ओल धरून ठेवते!

पाच दिवसांचे विसर्जन आटोपले आणि मंडळी परतायला लागली. येझदीच्या मालकांची रात्रीची गाडी होती. घर विकण्याची बोलणी दिवाळीपर्यंत पुढे ढकलली, असे त्यांनी आपण होऊन सांगितले; कारण विचारण्याइतकी आमची ओळख नव्हती. दुपारी मिस्त्री त्यांच्या पडवीत आले आणि त्यांनी गाडी ठेवून दिली. ते मी शेजारी बसून पाहिले.

त्यांनी गाडी आधी दहा मिनिटे चालवून पुरती तापवली. मग पेट्रोलचा कॉक बंद करून ती तशीच चालू ठेवली, कार्बुरेटरमधले शेवटचे पेट्रोल संपून आपोआप बंद पडेपर्यंत. टाकीतले पेट्रोल उपसून शेजारच्या रिक्षावाल्याला न देता ("त्याची फोर-स्ट्रोक आहे, तेल पाजाल तर बिघडेल") स्वतःच्या राजदूतसाठी नेले, आणि रिकाम्या टाकीत थोडे तेल घालून टाकी चहूबाजूंनी कलंडवून आतून माखली. प्लग काढून दोन मोठे चमचे तेल सिलिंडरमध्ये सोडले, किक हाताने सात-आठ वेळा हळू फिरवली आणि पिस्टन अशा जागी आणून ठेवला की सायलेन्सरकडचे भोक झाकले जाईल. प्लग परत लावला. दोन्ही नळ्यांच्या तोंडात तेलात भिजवलेल्या चिंध्या ठासल्या, वरून प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या. गाडी मुख्य स्टँडवर चढवून चाकांखाली फळ्या सरकवल्या. चादर घडी करून मालकांच्या हातात दिली आणि म्हणाले, "ही वाशीला न्या. हिला वारा लागू दे."

किल्ली ज्यांच्याकडे राहणार होती त्या शेजाऱ्यांना महिन्यातून एकदा, प्लग काढून, किक हाताने चार वेळा फिरवायला सांगितले. चालू करायची नाही. दोन मिनिटे चालू करून बंद केली की आत वाफेचे पाणी साचते, ते न केलेले बरे. शेजाऱ्यांनी मान डोलावली. ते विसरतील अशी मिस्त्रींना खात्री असावी, कारण त्यांनी मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, खिशातून खडू काढला, तो पुठ्ठ्यावर उठेना म्हणून माझे पेन मागून घेतले, आणि लिहून झाल्यावर "सर, शुद्धलेखन बघा" म्हणून पुठ्ठा माझ्यापुढे धरला. मी एक वेलांटी दुरुस्त केली. मग तो पुठ्ठा त्यांनी सुतळीने हँडलला बांधला. त्यावर लिहिले होते: 'आत तेल भरले आहे. किक मारू नये. आधी नळ्यांतल्या चिंध्या काढणे. मग प्लग काढणे. मग मला हाक मारणे.'